लिबरेटर कपाटात मावेल का? : अवाढव्य युद्धविमानं आणि स्केलची निवड

(राहुरी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव ऐकून काही जण जरा गोंधळलेले दिसतात. राहुरीत ऊस, मुळा धरण, विद्यापीठ यांवर व्याख्यानं होतात. विमानांच्या मॉडेलवर कशाला? म्हणून विमानापासून सुरुवात नको, दिवाळीच्या किल्ल्यापासून करू.

आपल्याकडे दिवाळीत गल्लोगल्ली किल्ले होतात. दगड, माती, वर तरट, त्यावर पेरलेले अळीव. आता नीट आठवून बघा. पायथ्याशी उभा असलेला मावळा किल्ल्याच्या दरवाजातून आत जाऊच शकत नाही, कारण तो दरवाजाच्या दुप्पट उंच असतो. आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा मोठे. याला कुणी चूक म्हणतं का? नाही. तिथं माप महत्त्वाचं नाही, मान महत्त्वाचा. ज्याचा मान मोठा तो मोठा.

दुसरं माप गणपतीचं. मूर्ती घ्यायला जाताना आपण काय बघतो? मखर केवढं आहे ते. मखरात मावेल तेवढी मूर्ती.

आणि तिसरं माप तलाठ्याकडच्या गावनकाशाचं. तिथं पाटलांचं शेत मानाप्रमाणे मोठं काढून चालत नाही, आणि कागद लहान आहे म्हणून एखाद्याचा गट आखडून घेताही येत नाही. सगळ्यांना एकच प्रमाण.

मानाचं माप, मखराचं माप आणि नकाशाचं माप. मॉडेल विमानांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास या तिघांच्या ओढाताणीचा आहे, आणि ही ओढाताण सर्वांत जास्त कुठं होते, तर दुसऱ्या महायुद्धातल्या प्रचंड विमानांच्या बाबतीत.

आम्हाला हे कळलं ते एका फजितीतून. आम्ही चार-पाच मित्र फावल्या वेळात प्लास्टिकची मॉडेल किट जोडतो. राहुरीतल्या एका शाळेनं आम्हाला बोलावलं. ढाली-करंडक ठेवायचं काचेचं कपाट होतं, त्यातला एक कप्पा मोकळा करून दिला. म्हणाले, विमानांचा इतिहास दाखवा मुलांना. आम्ही हौसेनं दोन मॉडेल नेली. एक स्पिटफायर, एका माणसाचं लढाऊ विमान. दुसरं बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचं, दहा-अकरा माणसांना घेऊन उडणारं बॉम्बर. शेजारी शेजारी मांडली आणि बोलायला लागलो. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, दोन्ही सारखीच आहेत की."

आम्ही बघितलं तर खरंच. स्पिटफायर होतं १:४८ या स्केलचं, पंखांचा पसारा २३.४ सेंटिमीटर. लिबरेटर होतं १:१४४ चं, पसारा २३.३ सेंटिमीटर. खऱ्या लिबरेटरचा पसारा स्पिटफायरच्या तिप्पट, आणि आमच्या कपाटात लिबरेटर एक मिलिमीटरनं लहान! दोन्ही मॉडेल आपापल्या जागी बिनचूक होती. एकत्र ठेवल्यावर त्यांनी मुलांना साफ खोटं सांगितलं.

आता लिबरेटरच का, हे आधी सांगायला हवं. हे विमान आपल्याला परकं नाही. अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीचं हे विमान पहिल्यांदा उडालं २९ डिसेंबर १९३९ रोजी. पुढे ती १८ हजारांहून जास्त बनली. इतक्या संख्येनं दुसरं कुठलंही बॉम्बर आजवर बनलेलं नाही. लांब पल्ला हा त्याचा मोठा गुण. म्हणून बंगालमधल्या तळांवरून ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत जाऊन बॉम्ब टाकण्याचं काम ब्रिटिशांनी त्याच्याकडे दिलं.

युद्ध संपलं. ही विमानं अमेरिकेनं ब्रिटनला उधार-उसनवारीच्या कराराखाली दिलेली होती. युद्धानंतर एक तर ती परत करायची, नाही तर निकामी करायची. कानपूरला अशी कित्येक लिबरेटर मुद्दाम मोडतोड करून उघड्यावर सोडून दिली गेली. ब्रिटिश गेले, विमानं तिथंच राहिली.

आणि मग १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातली माणसं तिथं पोहोचली. हा कारखाना कुणी काढला? सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, १९४० साली. साखर कारखानदारीमुळे वालचंदनगरचं नाव आपल्याला माहीत असतं, विमानांचं बहुधा नसतं. युद्धकाळात अमेरिकी विमानांची दुरुस्ती या कारखान्यात होत असे, त्यामुळे हात तयार होते. एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत, जेमतेम उडण्याजोगं करून एकेक लिबरेटर कानपूरहून बंगळूरला उडवत नेलं गेलं. नेणारे चाचणी वैमानिक होते जमशेद मुन्शी. बंगळूरला पूर्ण दुरुस्ती व्हायची. अशी सुमारे चाळीस विमानं पुन्हा उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी वायुदलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. स्वतंत्र भारताचं पहिलं जड बॉम्बर दल हे असं भंगारातून तयार झालं.

पुढचा भाग आपल्या जवळचा. १९५१ मध्ये ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटर घेऊन पुन्हा सुरू झाली, समुद्रावर टेहळणी करण्यासाठी. भारतात लिबरेटर उडत राहिली ती १९६८ च्या अखेरीपर्यंत. जगात जवळपास सगळीकडे ती केव्हाच मोडीत गेली होती. म्हणून मग अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथल्या संग्रहालयांनी भारताकडून लिबरेटर नेली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं लिबरेटर आपल्याकडूनच गेलेलं.

लोहगाव इथून साधारण दीडशे किलोमीटर. रणगाडा बघायचा तर आपली मुलं सहलीला नगरच्या रणगाडा संग्रहालयात जातात, लोखंडाला हात लावून बघतात. लिबरेटर बघायचं तर दिल्लीला पालमच्या संग्रहालयात जावं लागतं. राहुरीच्या मुलांसाठी मग उरतं काय? मॉडेल. आणि तेच जर खोटं बोललं तर?

तेव्हा प्रश्न आला : स्केल कुठलं घ्यायचं?

स्केल म्हणजे काय, हे एकदा सोपं करून घेऊ. १:७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर. म्हणजे खालचा आकडा मोठा, तर मॉडेल लहान. १:१४४ सगळ्यांत लहान, मग १:७२, मग १:४८, मग १:३२.

हे आकडे असे विचित्र का? ५० नाही, १०० नाही, ७२ कुठून आलं? फूट-इंचांतून. सहा फुटांचे ७२ इंच. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी संच निघाले, त्यांनी हे प्रमाण धरलं. १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन' हे प्लास्टिकचे संच आले, त्यांनीही तेच ठेवलं. १:४८ म्हणजे फुटाला पाव इंच. १:१४४ म्हणजे बारा फुटांना एक इंच.

तोपर्यंत हा खेळ होता. युद्धानं त्याला जिवावरचं काम केलं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं? आणि ते किती लांब आहे? लहान विमान जवळ असेल किंवा मोठं विमान दूर असेल, डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. तोफेवरच्या जवानाचा अंदाज चुकला की एक तर नेम चुकायचा, नाही तर आपलंच विमान पाडलं जायचं. यासाठी १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलानं देशभरातल्या शाळांना आवाहन केलं : आम्हाला पाच लाख लाकडी मॉडेल करून द्या. शाळकरी मुलांनी ती कोरून दिली. सगळी १:७२ मध्ये. लढाऊ विमान असो की चार इंजिनांचं बॉम्बर, प्रमाण एकच.

गणित बघा. १:७२ चं मॉडेल डोळ्यांपासून ३५ फुटांवर टांगलं, तर ते २,५२० फुटांवरच्या, म्हणजे पाऊण किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. वर्गाच्या एका टोकाला बसायचं, दुसऱ्या टोकाला मॉडेल. पण हे केव्हा जमतं? सगळी मॉडेल एकाच प्रमाणात असली तरच. आमची जी चूक शाळेतल्या कपाटात फक्त हशा पिकवून गेली, ती तिथं माणसं मारू शकली असती. म्हणजे नकाशाचं माप इथं जिंकलं.

युद्ध संपल्यावर काय झालं? मखराचं माप परत आलं. १९५० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी प्लास्टिकचे संच धडाक्यानं काढले, आणि दुकानाच्या फळीवर खोकी सारख्या आकाराची असली की विकायला सोपं. मग विमान खोक्यात मावेल त्या प्रमाणात. बी-२९ हे हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या जातीचं विमान, पसारा ४३ मीटर. लिबरेटरचा साडेतेहतीस. पण हातात आल्यावर दोन्ही एका लांबीची. इंग्लंडमध्ये मात्र एअरफिक्सनं १९५३ च्या सुमारास १:७२ चं स्पिटफायर काढलं आणि विमानांसाठी तेच माप धरून ठेवलं. सर्व विमानं एका फळीवर ठेवली की खरी तुलना होते, हे गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, आणि १:७२ रुळलं.

मोठ्या विमानांची अडचण तरी संपली नाही. १:७२ मध्ये स्पिटफायर १५.६ सेंटिमीटर. तळहाताएवढं. लिबरेटर ४६.५. बी-२९ जवळपास ६०. आणि जर्मनांचं मालवाहू मेसरश्मिट ३२३, ज्याला ते 'गिगांट' म्हणजे राक्षस म्हणत, त्याचा खरा पसारा ५५ मीटर. ते १:७२ मध्ये ७६ सेंटिमीटरच्या पुढे. एवढं टेबल घरात जेवायला नसतं.

उलट बाजूनं, बारकाव्यांचं काय? १:४८ घेतलं तर लिबरेटर जवळजवळ ७० सेंटिमीटर होतं. लांबी-रुंदी फक्त दीडपट, पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट आणि घनफळ तिपटीहून जास्त. मोनोग्राम कंपनीनं १९७६ मध्ये या मापात लिबरेटर काढलं आणि पुढच्याच वर्षी बी-२९. अलीकडे १:३२ मध्येही लिबरेटर निघालं, पसारा एक मीटरच्या वर. पारड्यात ठेवायला वजन, पैसा, जागा सगळंच आलं. आपल्याकडे पैशाचा मुद्दा आणखी कडक, कारण अशी मॉडेल किट खेळण्यांच्या वर्गात धरली जातात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर.

मग लहानच घ्यावं का, १:१४४? तिथं दुसरीच गंमत होते. साच्यातून निघणारं प्लास्टिक फार पातळ करता येत नाही. पंखाची मागची कड एक मिलिमीटरची राहिली, तर १:७२ मध्ये ती खऱ्या विमानावर सव्वासात सेंटिमीटर जाड झाली. १:१४४ मध्ये साडेचौदा. पत्र्यांच्या सांध्याची रेघ मॉडेलवर केसासारखी वाटते, पण ०.२ मिलिमीटरची ती रेघ १:१४४ मध्ये तीन सेंटिमीटरची फट ठरते. लिबरेटरची तर खासियतच त्याचा लांब, अरुंद, सडपातळ पंख. तो जाड झाला की विमान ओळखू येतं, पण त्याचा डौल जातो.

आम्ही पुन्हा बसलो. बराच वाद झाला. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, १:४८ घ्या, आतली आसनं, यंत्रं सगळं दिसेल. दुसरा म्हणाला, अरे, दोन्ही अर्धे चिकटवल्यावर आतलं कोण बघणार? तेही खरं. लिबरेटरच्या आत महिनाभर रंगकाम करायचं आणि ते कायमचं बंद करायचं. शेवटी आम्ही प्रश्न उलटा केला. कुठलं स्केल चांगलं, हे न विचारता, मुलांना नेमकं काय कळायला हवं, हे विचारलं. उत्तर आलं : आकार. हे यंत्र माणसापुढे केवढं होतं, आणि ते दुरुस्त करणाऱ्यांनी केवढ्या धुडाला हात घातला होता.

मग निर्णय सोपा झाला. १:७२. आणि एक गोष्ट कपाटानंच ठरवली. फळीची खोली एक फूट, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. १:७२ मध्ये लिबरेटरची लांबी २८.६. मावलं! १:४८ मध्ये ४३, दार लागलंच नसतं. पसारा सगळे मोजतात, पण विमान फळीवर समोर तोंड करून उभं राहतं तेव्हा अडते ती लांबी. घरी किट मागवण्याआधी टेप घेऊन कपाटाची खोली मोजा, हा आमचा अनुभवाचा सल्ला.

दुसरा सल्ला, नाकात वजन भरा. लिबरेटरला पुढे एक चाक आणि मागे दोन. मॉडेलमध्ये शेपटीकडचा भाग जड होतो आणि विमान शेपटीवर बसतं. आम्ही नाकात शिशाचे तुकडे भरले. जरा जास्तच भरले, त्यामुळे पुढचा पाय वाकला, तो पुन्हा करावा लागला. मॉडेल मोठं तसा हा त्रास मोठा.

पण लिबरेटर एकटं ठेवलं असतं तर पुन्हा तीच फसगत. एकट्या वस्तूला आकार नसतो. म्हणून शेजारी १:७२ चंच स्पिटफायर ठेवलं. २.४ सेंटिमीटरचा एक माणूस ठेवला. आणि पुठ्ठ्याची एक लाल एसटी केली, ११ मीटरची धरून १५ सेंटिमीटरची. मुलं स्पिटफायरपाशी थांबली नाहीत. एसटीपाशी थांबली. लिबरेटरच्या पंखाखाली तीन एसट्या एकापुढे एक उभ्या राहतात, हे त्यांनीच मोजून काढलं.

तरीही आम्हाला वाटलं, काही तरी राहतंय. मग शाळेच्या पीटीच्या सरांनी एक युक्ती काढली. त्यांनी फक्कीची बादली आणि टेप आणला आणि म्हणाले, मैदानावर आखू या, १:१. लिबरेटरची लांबी साडेवीस मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२. म्हणजे खेळपट्टी हेच विमानाचं धड, वर अर्धा मीटर. मग पंख. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब. लिबरेटरचा पंख दोन्ही खांबांच्या पलीकडे, मैदानाबाहेर गेला. त्या फक्कीवर मुलं हात पसरून उभी केली, बोटाला बोट लावून. चोवीस मुलं लागली.

धडाच्या मध्यावर आम्ही नऊ इंच रुंदीची एक पट्टी आखली. बॉम्बच्या कप्प्यातून पुढून मागे जायला लिबरेटरमध्ये साधारण एवढीच वाट होती. दोन्ही बाजूंना बॉम्ब, खाली दारं. १:७२ मध्ये ती पट्टी तीन मिलिमीटरची, कुणाला दिसणारही नाही. मैदानावर मुलं एकेक करून तिच्यावरून चालली, तोल सांभाळत. एवढं मोठं विमान आणि माणसाला वाट नऊ इंच, हे पायांना कळलं. ज्या मुलीनं पहिल्या दिवशी आमची चूक पकडली होती, ती पट्टीवरून जाऊन आली आणि म्हणाली, "सर, मग कपाटातलं आता बरोबर दिसतंय."

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. मोठ्या विमानाचं स्केल ठरवताना ते एकटं बघू नका. ते कुणाच्या शेजारी उभं राहणार, ते ठरवा. लढाऊ विमानांच्या रांगेत ठेवायचं असेल तर सगळ्यांचं जे माप तेच, मग फळी वाढवावी लागली तरी चालेल. एकट्या लिबरेटरच्या बारकाव्यांचा अभ्यास करायचा असेल तर १:४८ जरूर घ्या. नुसती मोठी बॉम्बर आणि मालवाहू विमानंच जमवायची असतील तर १:१४४ मध्येही प्रामाणिक संग्रह होतो, फक्त त्यात १:४८ चा पाहुणा घुसवू नका. आम्ही घुसवला होता.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : किटमध्ये भारतीय वायुदलाच्या खुणा मिळतात का?

उत्तर : बहुतेक किटमध्ये अमेरिकी किंवा ब्रिटिश खुणाच असतात. आमच्या किटमध्येही नव्हत्या. केशरी-पांढरे-हिरवे गोल आम्ही रंगवून केले. मोठ्या स्केलचा इथं फायदा आहे, ब्रश चालवायला जागा मिळते. १:१४४ मध्ये हात थरथरला की संपलं.

प्रश्न : आमची गावं के. के. रेंजच्या तोफांचे आवाज ऐकत आलेली आहेत. युद्धाची यंत्रं मुलांना अशी खेळण्यासारखी दाखवणं बरोबर आहे का?

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे, काका, आणि आम्हालाही तो पडतो. लहान केलेली वस्तू गोड दिसते, हा मॉडेलचा दोषच म्हणा. या विमानानं ब्रह्मदेशात पूल पाडले, रेल्वे उखडली, आणि खाली माणसं होती. ते खालचं गाव कुठल्याही किटमध्ये येत नाही. म्हणून आम्ही कपाटात विमानाखाली काचेवर एक कागद लावला आहे. त्यावर दोन गोष्टी लिहिल्या आहेत : हे विमान कशासाठी बनलं, आणि कानपूरला मोडून टाकलेलं ते कुणी पुन्हा उभं केलं. मुलांनी दोन्ही वाचावं. मैदानावर फक्की मारण्यामागेही थोडा तोच हेतू होता. खऱ्या मापात उभं राहिलं की खेळणं उरत नाही.